सव्वीस म्हणजे नेमकं किती?



आज सायकलीच्या चाकाविषयी बोलू. हा काय कुटुंबाच्या पानावरचा विषय झाला, असं कुणाला वाटेल. पण ज्या घरात शाळा, दळण, दूध आणि कामाची पाळी सायकलीवरच चालते, त्या घरात टायर हा तेलमिठाइतकाच घरचा विषय असतो. चुकीचा टायर घरात आला की काय होतं, ते आमच्याच घरात घडलं. तेच सांगते.

माझं माहेर न्हावऱ्याचं, शिरूर तालुक्यातलं. शिरूरहून चौफुल्याकडे जाणारा रस्ता गावातून जातो. पुढे पारगावाशी भीमा ओलांडली की दौंड तालुका. घोडगंगा साखर कारखान्यामुळे आमच्या गावाचं नाव जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक झालं. हंगामात पाळी बदलताना रस्त्यानं सायकलींची रांग लागलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. आता मोटारसायकली वाढल्या. तरीही वस्तीवरच्या मुली शाळेत येतात त्या सायकलीवरच.

माझा थोरला भाऊ गवंडीकाम करतो आणि गावाबाहेर वस्तीवर राहतो. त्याची मुलगी आठवीत आहे. शाळा साडेचार किलोमीटर, वाट उसाच्या रानातून. गेल्या जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात तिच्या मागच्या चाकाचा टायर कडेनं फाटला. ट्यूब फुगा होऊन बाहेर आली. दादा शनिवारी कामावरून परस्पर दुकानात गेला आणि म्हणाला, "लेडीज सायकलचा सव्वीसचा टायर द्या." दुकानदारानं सव्वीसचा टायर दिला. साडेतीनशे रुपये गेले.

रविवारी सकाळी दादानं टायर चढवायला घेतला. एक बाजू अर्धी चढे, पुढं सरकेना. पान्हा लावला, स्क्रू-ड्रायव्हर लावला, पाय देऊन ओढलं. रिम मोठी आणि टायर लहान, असा प्रकार. शेवटी ओढाताणीत ट्यूबही फाटली. दादा टायर घेऊन दुकानात परत गेला, तर दुकानदार म्हणाला, "तुम्ही सव्वीस मागितला, मी सव्वीस दिला. त्यावर आता पान्ह्याचे ओरखडे आहेत. परत घेता येणार नाही." टायरवर २६ छापलेलं होतं, त्यामुळे बोलायला जागाच नव्हती.

सायकल भिंतीला टेकून उभी राहिली. पावसाचे दिवस, उसातून एकट्या पोरीला पायी पाठवायला वहिनी तयार नव्हती. दादाला खाडा करून सोडायला-आणायला जमेना. सहा दिवस शाळा बुडाली आणि त्यात गणिताची पहिली चाचणी गेली. मला फोन आला तेव्हा पोरगी रडत होती. टायरपायी शाळा सुटायची वेळ येते की काय, अशी धास्ती वहिनीच्या बोलण्यात होती. ती धास्ती खोटी नव्हती. मुलीची शाळा सुटते ती एकाएकी सुटत नाही. आधी सहा दिवस जातात, मग पंधरा जातात.

मी रविवारी माहेरी गेले. जुना टायर, नवा टायर आणि सायकल असं सगळं सामान घेऊन आम्ही गावातल्या एका पंक्चरवाल्या काकांकडे गेलो. काका चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी नवा टायर हातात घेतला, कडेवरची धूळ अंगठ्यानं पुसली आणि म्हणाले, "ताई, ह्यो टायर सव्वीसचाच हाय. पर तुमच्या सव्वीसचा न्हाई."

सव्वीस दोन प्रकारचे असतात हे मला तोवर माहीत नव्हतं. खरं तर ते तिनाहून अधिक प्रकारचे निघाले.

काकांनी दोन्ही टायर जमिनीवर शेजारी शेजारी ठेवले. जुन्यावर छापलं होतं २६ × १ ३/८. नव्यावर होतं २६ × १.७५. दादा गवंडी माणूस, त्याला इंच आणि सूत जन्माचं ठाऊक. एका इंचाची आठ सुतं. तो लगेच म्हणाला, "म्हणजे जुना एक इंच तीन सूत जाडीचा आणि नवा पावणेदोन इंच, म्हणजे सहा सूत. तीन सुतांनी काय अडतंय? रबर तर आहे." काकांनी टायरच्या आतली कड त्याच्या बोटाला लावली. त्या कडेत पोलादी तार असते, ती ताणत नाही. टायर रिमवर बसतो तो त्या तारेच्या जोरावर. ही युक्ती १८९० साली इंग्लंडमध्ये चार्ल्स वेल्च यानं काढली. त्याच्या दोनच वर्षं आधी, १८८८ मध्ये, बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरनं आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला होता. आपल्याकडे उसाच्या रबरी चाकांच्या गाडीला डनलॉप म्हणतात, तो हाच डनलॉप.

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना ज्यांनी पाहिलं असेल त्यांना हे चटकन कळेल. लोहार आधी चाकाचा घेर मोजून घेतो, त्या मापाला धाव वळवतो, तापवून चढवतो आणि वर पाणी ओततो. धाव आकसते आणि चाक आवळून धरते. माप जरा चुकलं की धाव चढत नाही, किंवा चढून ढिली राहते. सायकलच्या टायरची तार तापवत नाहीत, एवढाच फरक. मापाचा हिशेब तोच.

मग मोठा प्रश्न असा की, दोन्ही टायरांच्या तारा वेगवेगळ्या मापाच्या असताना दोन्हींना सव्वीस का म्हणायचं? कारण हा २६ चा आकडा तारेचा नाहीच आणि रिमचाही नाही. तो हवा भरलेल्या टायरच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्या बाहेरच्या कडेपर्यंतचा आहे. जुन्या काळी चाक बाहेरून मोजत. ते बाहेरून सव्वीस इंच भरलं म्हणजे झालं. आत रिम केवढी आहे, ते टायर किती जाड आहे त्यावर ठरे. टायर बारीक असेल तर रिम मोठी, टायर जाड असेल तर रिम लहान. दोन्ही मिळून बाहेरून सव्वीसच.

पुतणीला मी वही काढायला लावली. गणिताची चाचणी बुडाली होती, ती इथे भरून काढू म्हटलं. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. सव्वीस इंच म्हणजे ६६०.४ मिलिमीटर. तिच्या सायकलच्या रिमवर टायरची तार बसते तिथला व्यास ५९० मिलिमीटर असतो. टायर १ ३/८ इंच, म्हणजे साधारण ३५ मिलिमीटर जाड, आणि तो दोन्ही टोकांना येतो. ५९० अधिक ३५ अधिक ३५, बेरीज ६६०. बरोबर सव्वीस इंच.

आता जाड टायरची सायकल घ्या, मुलं जिला रेंजर म्हणतात तसली. तिची रिम ५५९ मिलिमीटरची. तिच्यावर दोन इंची टायर, म्हणजे ५१ मिलिमीटरला थोडा कमी. ५५९ अधिक दोनदा ५०.८, बेरीज ६६०.६. पुन्हा सव्वीस! पुढे त्याच रिमवर १.७५ चे, १.९५ चे, २.१२५ चेही टायर निघाले. बाहेरचं माप थोडं कमीजास्त झालं, पण नाव २६ च राहिलं. दादानं आणलेला टायर प्रत्यक्षात बाहेरून साडेपंचवीस इंच भरतो.

पुतणीनं ५९० मधून ५५९ वजा केले. उत्तर आलं ३१. "आत्या, टायर एकतीस मिलिमीटरनं लहान होता. पप्पांनी कितीबी जोर लावला असता तरी बसला नसता." दादा हसला. आठ दिवसांत पहिल्यांदा.

इथे एक गंमत सांगते, पण ती गंमत पैसे घालवणारी आहे. शाळेत आपण शिकतो की १ ३/४ आणि १.७५ हे एकच. टायरवर तसं धरू नये. अमेरिकेतल्या श्विन कंपनीच्या जुन्या सायकलींचा २६ × १ ३/४ लिहिलेला टायर ५७१ मिलिमीटरच्या रिमचा, आणि २६ × १.७५ लिहिलेला ५५९ च्या रिमचा. ते टायर आपल्या गावात येणार नाहीत, पण नियम ध्यानात राहील. अपूर्णांकात लिहिलेलं माप आणि दशांशात लिहिलेलं माप एकमेकांच्या जागी चालत नाही. गणितात समान असलं तरी रिमवर समान नसतं. २६ × १ १/२ म्हणून आणखी एक आहे, तो ५८४ चा. मी म्हटलं ना, तिनाहून अधिक.

आता आपल्या बापजाद्यांच्या काळ्या सायकलीकडे येऊ. सळईचे ब्रेक, मागे जाड कॅरियर, कॅरियरला दोन्हीकडे दुधाच्या किटल्या. तिचं चाक २८ × १ १/२. रिम ६३५ मिलिमीटर, टायर दीड इंच म्हणजे ३८. बेरीज ७११, म्हणजे अठ्ठावीस इंच. हे माप इंग्लंडहून आलं. मग १९४९ मध्ये मद्रासकडे टी.आय. सायकल्स, १९५१ मध्ये सोनीपतला अ‍ॅटलास, १९५६ मध्ये लुधियानाला हिरो असे आपले कारखाने उभे राहिले आणि त्यांनी हेच चाक देशभर खेडोपाडी नेलं. सरकारनं १९५६ मध्ये मेट्रिक मापांचा कायदा केला, १९५७ मध्ये आणे जाऊन नवे पैसे आले, पुढे शेर जाऊन किलो आला, गज जाऊन मीटर आला. पण सायकलीच्या दुकानात इंच तो इंचच राहिला. एका अर्थी बरंच झालं. सबंध देशात एकच माप असल्यानं आमच्या वडिलांना टायर घेताना कधी विचारच करावा लागला नाही. "सायकलचा टायर द्या" म्हटलं की पुरे.

या काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकाला ३२ तारा असतात आणि मागच्या चाकाला ४०, कारण ओझं मागे. विश्वास नसेल तर आज मोजून पाहा. नव्या धाटणीच्या पुष्कळ सायकलींना दोन्हीकडे ३६ असतात. रिम बदलताना हेही सांगावं लागतं. ४० भोकांच्या हबला ३६ भोकांची रिम कशी लागणार? आऊट काढणारा मिस्त्री कितीही हुशार असो, चार तारा तो कुठे अडकवील?

आणि हे चोवीस इंचीचं काय प्रकरण आहे? आमच्या वडिलांची सायकल "चोवीस इंची" होती. तिच्या नळीखालून पाय घालून आम्ही भावंडं हाफ पायडल शिकलो. शेजारच्या मास्तरांची "बावीस इंची" होती, ती जरा बुटकी. आणि आज दुकानात दहा-अकरा वर्षांच्या मुलासाठी जी दाखवतात तीही "चोवीस इंची"! हे दोन चोवीस वेगळे. वडिलांच्या वेळचं चोवीस हे सांगाड्याच्या उंचीचं माप, सीटखालच्या उभ्या नळीचं. चाक मात्र अठ्ठावीसचंच. मुलांच्या सायकलीचं चोवीस हे चाकाचं माप. आजोबा नातवाला म्हणतात, "मी तुझ्याएवढा असताना चोवीस इंची चालवायचो," आणि नातू म्हणतो, "मग मीपण तीच चालवतो ना." दोघंही खरं बोलत असतात.

या सगळ्या गोंधळाला कंटाळून युरोपातल्या टायर आणि रिम बनवणाऱ्यांनी एक सरळ रीत काढली आणि पुढे ती जगाचं प्रमाण झाली. आय.एस.ओ. ५७७५ हा तिचा क्रमांक. या रीतीत इंच नाही, अपूर्णांक नाही. फक्त दोन आकडे, मध्ये आडवी रेघ. पुतणीच्या टायरवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं ३७-५९०. पहिला आकडा टायरची जाडी, दुसरा रिमवर तार बसते तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दादानं आणलेल्या टायरवर ४७-५५९ होतं. काळ्या सायकलीच्या टायरवर ४०-६३५ असतं. दुसरा आकडा जुळला म्हणजे टायर रिमवर बसणारच. तो जुळला नाही तर जगातला कुठलाही पान्हा तो बसवू शकत नाही.

पहिला आकडा थोडाफार इकडेतिकडे झाला तर चालतं. ४७-५५९ च्या जागी ५०-५५९ बसेल, फक्त तो मडगार्डला आणि फोर्कला घासत नाही ना, हे चाक फिरवून पाहावं. ट्यूबचंही तसंच. ट्यूब रबराची, ती ताणते, थोड्या फरकानं अडत नाही.

पण उलट चूक झाली तर ती धोक्याची. मोठा टायर लहान रिमवर हातानं सहज चढतो आणि माणसाला वाटतं, वा, किती सोपं गेलं! उदाहरणार्थ, ज्या सायकलींवर ७०० सी असं लिहिलेलं असतं त्यांची रिम ६२२ ची. तिच्यावर काळ्या सायकलीचा ६३५ चा टायर सहज चढेल. हवा भरली की तार रिमवरून सुटते, ट्यूब बाहेर येऊन फुटते. तुम्ही उतारावर असाल, कॅरियरवर मूल असेल, तर विचार करा. म्हणून जो टायर फार सोपा चढला त्याचे आकडे पुन्हा एकदा वाचावेत.

ही ७०० सी फ्रेंचांची रीत. त्यातले ७०० म्हणजे बाहेरचा व्यास सुमारे ७०० मिलिमीटर, आणि ए, बी, सी ही अक्षरं टायरच्या जाडीची. हल्ली शहरात "एकोणतीस इंची" सायकल म्हणून मिळते, तिची रिमही ६२२ च. म्हणजे या एकोणतीस इंचीची रिम आपल्या आजोबांच्या अठ्ठावीस इंचीपेक्षा लहान! टायर जाड म्हणून बाहेरून आकडा मोठा. साडेसत्तावीस इंची म्हणून जी विकतात तिची रिम ५८४ ची, जी फ्रान्समध्ये कितीतरी जुनी आहे. नाव नवं, रिम जुनीच.

मी काकांना विचारलं, "आकडे झिजून गेले असले तर हो?" ते म्हणाले, "मंग जुना टायर संगं न्यावा, ताई. लोकं फाटका टायर उकिरड्यावर टाकत्यात आन् रिकाम्या हातानं दुकानात जात्यात." किती साधी गोष्ट. जुना आणि नवा टायर एकावर एक ठेवून आतली तारेची कड जुळते का पाहायचं. झालं. जुना टायर नसेलच तर त्याच मापाच्या दुसऱ्या चाकाचे आकडे वाचावेत, पुढचं आणि मागचं चाक बहुधा एकाच मापाचं असतं. तेही जमलं नाही तर रिम उघडी करून जिथं टायरची कड टेकते तिथून दोरा फिरवावा आणि दोऱ्याची लांबी ३.१४ नं भागावी. ५९० च्या रिमला दोरा १८५ सेंटिमीटरच्या आसपास भरतो, ५५९ ला १७५-१७६, आणि काळ्या सायकलीच्या ६३५ ला जवळजवळ दोन मीटर. दोरा रिमच्या मधल्या खोलगट भागात उतरला तर माप कमी येईल, तेवढं सांभाळावं.

मुलांच्या लहान सायकलींतही हाच खोडसाळपणा आहे. वीस इंचीत २० × १.७५ ची रिम ४०६ ची आणि २० × १ ३/८ ची ४५१ ची. चोवीसमध्ये २४ × १.७५ ची ५०७ आणि २४ × १ ३/८ ची ५४०. चाकाच्या खुर्चीलाही पुष्कळदा हाच ५४० चा टायर असतो, तेव्हा घरात कुणी खुर्चीवर असेल त्यांनी हा आकडा टिपून ठेवावा.

जिल्हा परिषदेच्या समाजकल्याणाच्या योजनेतून आपल्या मुलींना सायकली मिळतात. बऱ्याच ठिकाणी आता आधी सायकल विकत घ्यायची, पावती जोडायची आणि मग पैसे खात्यात जमा होतात. ज्या भगिनी अशी सायकल घेतील त्यांनी पावतीवर कंपनीच्या नावाबरोबर टायरचं पूर्ण माप लिहून मागावं, जाडीसकट. नुसतं "२६ इंच" लिहून घेऊ नये. आणि "पुढे वाढेल" म्हणून मुलीला मोठी सायकल घेऊ नका. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. झगा आपण वाढत्या अंगाचा शिवतो, पण सायकल तशी घेतली तर ती मुलगी रहदारीत पडेल.

काकांकडे ३७-५९० चा टायर होता. त्यांनी तो दहा मिनिटांत हातानं चढवला, पान्हासुद्धा लावला नाही. नवी ट्यूब घातली, हवा भरली, चाक फिरवून पाहिलं. मजुरी घेतली ती फक्त पंक्चरची. पुतणीनं घरी येऊन खडूनं दाराच्या आत ३७-५९० असं मोठ्या अक्षरात लिहिलं. वहिनी म्हणाली, "हे कुणाचा फोन नंबर लिहिलास गं?"

सोमवारी पोरगी शाळेत गेली. बाईंनी तिची चाचणी वेगळी घेतली. दादानं आणलेला टायर दोन महिने खुंटीला लटकत होता. शेवटी शेजारच्या वस्तीवरच्या मुलाच्या रेंजर सायकलला तो बसला. दादाचे त्यातले दोनशे रुपये परत आले, दीडशे बुडाले.